पश्चिम किनाऱ्यावरचे ‘ईस्ट इंडियन’

‘ईस्ट’ म्हणजे पूर्व, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मग मुंबई, साष्टी, ठाणे या पश्चिम पट्टीत शतकानुशतके नांदणारे मराठीभाषक कॅथलिक ‘ईस्ट इंडियन’ कसे ठरले? परदेशी गेलेल्या आपल्या मुलामुलींची तर अधिकच पंचाईत होते. त्रिनिदाद आणि गयाना येथे ‘ईस्ट इंडियन’ म्हणजे उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या भारतीयांचे वंशज. कोलंबसाने १४९२ मध्ये जी बेटे गाठली, त्यांना ‘वेस्ट इंडीज’ नाव पडले. म्हणून खऱ्या हिंदुस्थानातून आलेला तो ‘ईस्ट’चा.

खुद्द आपल्या देशातही हे नाव प्रथम आपले नव्हते. कलकत्त्यातील युरेशियन मंडळी ते लावीत. कवी डिरोझिओ यांनी १८३१ साली काढलेल्या वृत्तपत्राचे नावच ‘द ईस्ट इंडियन’ होते. पुढे त्या समाजाने ‘अँग्लो-इंडियन’ हे नाव पत्करले.

आपली कथा निराळी. आपल्या पूर्वजांनी पोर्तुगीज अमदानीत बाप्तिस्मा घेतला. वसई १७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकली, पोर्तुगीज गेले, परंतु इंग्रजांच्या लेखी आपण बराच काळ ‘पोर्तुगीज’च राहिलो. (दादरच्या साल्व्हेशन चर्चला लोक आजही पोर्तुगीज चर्चच म्हणतात.) एकोणिसाव्या शतकात गोव्याहून आणि मंगळूरहून ख्रिस्ती बांधव नोकरीसाठी मुंबईत येऊ लागले. त्यांची आडनावेही डिसोझा, परेरा, फर्नांडिस. साहेबाने ओळखावे कसे? गोव्याचा माणूस पोर्तुगालचा प्रजाजन होता; आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या कंपनी सरकारच्या छत्राखाली होते. हा भेद एका शब्दात सांगता यावा, यासाठी १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन झाली. तेव्हा या नावातील ‘ईस्ट’ला दिशेशी कर्तव्य नाही, तो ईस्ट इंडिया कंपनीचा.

गंमत अशी की, ती कंपनी १८७४ मध्येच विसर्जित झाली होती. मृताचे नाव घेऊन जिवंतांनी आपला हक्क मांडला! यात राजनिष्ठेचे प्रदर्शन होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मुळात प्रश्न पोटाचा होता, आणि पोटासाठी घेतलेल्या नावाची लाज कसली, असे आम्हांस वाटते.

मात्र हे नाव सरसकट सर्वांना चिकटवू नये. वसईतील सामवेदी ख्रिस्ती स्वतःला ‘कुपारी’ म्हणवतात. त्यांना कोणी ‘ईस्ट इंडियन’ म्हटले, तर ते सगळ्यांनाच रुचते असे नाही.