संशयातले रानडे

मंडळी, आपण मालेगावात बसलोय. इथून आग्रा रस्त्यानं पुढं धुळं, मागं चांदवड ओलांडलं की निफाड. १८४२ साली निफाडला जन्मलेले न्यायमूर्ती रानडे आपल्याच जिल्ह्याचे, हे आपण विसरतो.

मे १८७९ मध्ये पुण्यातले बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा आगीत सापडले. वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड चालूच होतं. सार्वजनिक सभेमागचं डोकं रानड्यांचं, म्हणून सरकारला संशय आला. नाशिकहून त्यांची तातडीनं धुळ्याला बदली झाली. तिथं त्यांचं टपाल फोडलं जाई. बंडवाल्यांच्या नावानं पत्रं येत. रमाबाई आठवणींत सांगतात, रानडे ती सरळ सरकारी अधिकाऱ्यांकडे पाठवून देत. एखादं जवळ ठेवलं असतं, तर तोच पुरावा झाला असता.

पोलंडचा तत्त्वज्ञ डेम्बोवस्की १८४६ च्या क्राकोव्ह उठावात गोळी लागून पडला, अवघ्या तेविसाव्या वर्षी. त्याला आपण लगेच वीर म्हणतो. मग रानडे भित्रे का? आम्हाला तसं वाटत नाही. संशय घेणाऱ्याचीच नोकरी करायची आणि विचार मात्र सोडायचा नाही, यालाही धैर्य लागतं. १८८५ साली मुंबईत काँग्रेस भरली, तेव्हा हे सरकारी न्यायाधीश तिथं हजर होते.