रक्तातली प्रतवारी आणि डांबरातले रंग

न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल, बेसोफिल ही पाच नावं रक्ततपासणीच्या अहवालात एकाखाली एक येतात. पांढऱ्या पेशींचे हे प्रकार सूक्ष्मदर्शकाने दाखवले असं आपण धरून चालतो. माझ्या मते निम्म्याहून अधिक श्रेय कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचं आहे. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन डांबरातल्या रसायनांपासून क्विनाइन बनवायला निघाला आणि त्याच्या हाती लागला जांभळा रंग. पुढच्या वीसेक वर्षांत जर्मन कारखान्यांनी अशा रंगांचा सपाटा लावला. इओसिन आणि मिथिलीन ब्लू त्यातलेच. या रंगांचा नाद लागलेल्या पाउल एर्लिखने १८७८ मध्ये डॉक्टरेटचा प्रबंधही ऊती रंगवण्यावरच लिहिला.

यावर आक्षेप येईल की रंगांच्या आधीही हे भेद दिसले होते. खरं आहे. १८४६ मध्ये इंग्लंडमध्ये व्हार्टन जोन्सने भरड कणांच्या, बारीक कणांच्या आणि बिनकणांच्या पेशी वेगळ्या सांगितल्या, आणि १८६५ मध्ये माक्स शुल्त्सेने चार प्रकार मांडले. पण शुल्त्से बघत होता जिवंत पेशी. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखालची काच उबदार ठेवावी लागे, आणि पेशी तर डोळ्यांदेखत आकार बदलत. एका तज्ज्ञाला जे दिसलं ते दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला दाखवता येत नसे. रुग्णामागून रुग्ण शंभर-शंभर पेशी मोजणं तर दूरच. एर्लिखने रक्ताचा पातळ थर वाळवला, तांब्याच्या पट्टीवर तापवून पक्का केला आणि मग रंगवला. काही कणांनी इओसिनसारखा आम्लधर्मी रंग घेतला, काहींनी अल्कधर्मी, तर काहींनी दोन्हींच्या मिश्रणातून तयार होणारा उदासीन. दिसण्यातला अंदाज अशा रीतीने रासायनिक चाचणी झाला, आणि चाचणी कुणालाही पुन्हा करता येते.

आज आपल्याकडच्या प्रयोगशाळांत वापरला जाणारा लेशमन स्टेन मात्र आला मलेरियाच्या वाटेने. १८९१ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या रोमानोव्स्कीने मलेरियाचे परजीवी रंगवताना मिथिलीन ब्लू आणि इओसिन एकत्र केले, तेव्हा मूळ दोन रंगांत नसलेली जांभळी छटा उमटली. (पर्किनही मलेरियाच्याच औषधामागे होता, हा योगायोग गमतीचा.) ब्रिटिश लष्करी डॉक्टर विल्यम लेशमनने १९०१ मध्ये या मिश्रणाला मिथेनॉलमध्ये विरघळणारं, टिकाऊ रूप दिलं. काचेवर रक्ताचा थेंब ओढून वाळवायचा, वर स्टेन ओतून दोन मिनिटं थांबायचं, मग दुप्पट बफरचं पाणी. इओसिनोफिलचे कण नारिंगी-लाल दिसतात. बेसोफिलचे गर्द निळे कण केंद्रक झाकून टाकतात. न्यूट्रोफिलचे कण फिकट गुलाबी आणि केंद्रक तीन ते पाच खंडांचं. लिम्फोसाइटमध्ये गोल केंद्रकाभोवती निळी किनार उरते; मोनोसाइट मोठी, राखाडी, केंद्रकाला खाच असलेली. पाण्याचा पीएच ६.८ च्या आसपास हवा. पाणी आम्लाकडे झुकलं तर सगळं लालसर, अल्काकडे झुकलं तर सगळं निळं, आणि प्रतवारी कोलमडते.

मग ही प्रतवारी पेशींची की नुसती रंगांची? शंका रास्त आहे. 'इओसिनोफिल' हे नावही रंगावरूनच पडलेलं आहे. पण त्या कणांत ठासून भरलेली प्रथिनं अल्कधर्मी असतात, म्हणूनच ते आम्लधर्मी इओसिन धरतात, आणि कृमींवर मारा करतात तीही हीच प्रथिनं. रंगाने इथे पेशीच्या शस्त्रालाच हात घातला. जिथे असे कण नव्हते तिथे मात्र ही पद्धत चकली. मोठ्या एककेंद्री पेशी आणि न्यूट्रोफिल यांच्यामधली 'संक्रमणावस्था' म्हणून एर्लिखने ज्या पेशी वेगळ्या काढल्या, त्या पुढे मोनोसाइटमध्ये जमा झाल्या. लिम्फोसाइटच्या बाबतीत फसगत जास्त काळ टिकली: निळ्या किनारीची एकच साधी पेशी म्हणून ती मोजली जात राहिली, आणि टी व बी अशा दोन अगदी वेगळ्या कामांच्या पेशी त्यात आहेत हे १९६० च्या दशकात प्राण्यांवरच्या प्रयोगांतून कळलं. लेशमनच्या काचेवर त्या दोघी आजही ओळखू येत नाहीत.