शेजारच्या घरातला फोन

लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, स्थळांसाठी पाठवलेली माहिती. १९७०-८०च्या दशकांत या सगळ्यांवर फोन नंबराच्या शेजारी ‘पी.पी.’ ही अक्षरं सर्रास दिसत. फोन आपला नाही, शेजाऱ्यांचा आहे, ते हाक मारून बोलावतील, हे वाचणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नसे. मुंबईत टेलिफोन एक्सचेंज आलं १८८२ साली. त्यानंतर शंभर वर्षांनीही चाळीच्या अख्ख्या मजल्यावर एखादाच फोन असे. अर्ज करून लोक वर्षानुवर्षं थांबत. जास्त अनामत भरून लवकर नंबर मिळवून देणारी ‘ओन युवर टेलिफोन’ योजना होती, पण ती परवडणारे थोडे.

त्या एका फोनभोवती न लिहिलेली आचारसंहिता तयार झाली. जेवणाच्या वेळी फोन करायला जायचं नाही. दहानंतर कुणाचा फोन आला तर तो मरणाचाच असला पाहिजे. पैसे द्यावेत का, हा मोठा पेच होता: दिले तर शेजारी दुखावणार, न दिले तर महिनाअखेरीला बिल त्यांच्याच नावावर येणार. काहींनी फोनशेजारी डबा ठेवून तो सोडवला. काहींनी डायलच्या भोकात चिमुकलं कुलूप अडकवलं. क्रेडल ठरावीक लयीत टकटकवून नंबर लावणाऱ्या पोरांनी ते कुलूपही निकामी केलं. ही चोरी की हुशारी, यावर घरोघरी मतभेद.

खरा प्रश्न मात्र कानांचा होता. फोनवाल्या काकू ‘बोल हो निवांत’ म्हणून स्वयंपाकघरात जात आणि भांड्यांचा आवाज थांबे. नोकरीची बातमी, ठरत आलेलं लग्न, बिघडलेला व्यवहार, सगळं आधी त्यांना कळे. निधनाची बातमी तर निरोप म्हणून त्यांच्याच गळ्यात पडे. ती तशीच सांगायची, की ‘भाऊ फार आजारी आहेत, लगेच निघा’ म्हणायचं? बहुतेक शेजारी दुसरा मार्ग धरत आणि त्या खोटेपणाबद्दल त्यांना कुणी दोष देत नसे. या व्यवस्थेच्या आठवणी आता फार गोड करून सांगितल्या जातात. तरुण मुलीसाठी ‘कुणा मुलाचा’ फोन आला की तिच्या आईला तो कसा सांगितला जाई, हे त्या मुलींना विचारावं.

गंमत म्हणजे कायद्याला या काकू दिसतच नव्हत्या. १८८५च्या भारतीय तार कायद्याने खात्याच्या नोकरांना बांधलं होतं: संदेश बेकायदा अडवला किंवा फोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद. ट्रंक कॉल जोडणाऱ्या ऑपरेटरच्या मानेवर ही तलवार होती. शेजाऱ्याच्या कानाला होती ती फक्त भीड.

मग टेपरेकॉर्डर आला. १९६४ साली मुंबईच्या कोरोनरने, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, एका डॉक्टरकडे लाच मागितल्याचं प्रकरण झालं. डॉक्टरच्या संमतीने पोलिसांनी त्याच्या फोनला टेपरेकॉर्डर जोडून संभाषण नोंदवलं. पलीकडच्याला न कळवता केलेली ही नोंद चालेल का? आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली ती पुरावा म्हणून ग्राह्य धरली. लाचखोर सापडला, हे बरंच झालं. पण बोलणाऱ्या दोघांपैकी एकाचीच संमती पुरेशी मानल्यावर दुसऱ्याचं काय, हा प्रश्न उरलाच. सरकारच्या चोरून ऐकण्यावर न्यायालयाने बंधनं घातली ती आणखी बऱ्याच वर्षांनी, पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज (पीयूसीएल) या संघटनेच्या १९९६च्या खटल्यात: गृहसचिवाचा आदेश हवा, त्याला मुदत हवी, वर आढावा समिती हवी.

तोवर पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ गल्लोगल्ली झाले होते. काचेची केबिन, लाल आकड्यांचं मीटर आणि रात्री दर उतरले की बाहेर रांग. शेजाऱ्यांची भीड संपली, पण बूथवाल्याला कुणाचा मुलगा कुठे आहे हे पाठ असायचं. पुढे मोबाइल आला. १ मे २००३पासून आलेल्या फोनचे पैसे पडेनासे झाले, आणि बघता बघता फोन ज्याचा त्याच्या खिशात गेला.

या सगळ्या काळात टेलिफोन खातं जाडजूड डिरेक्टरी छापत होतं. नाव, पत्ता, नंबर, अगदी उघड. तिच्यात नाव आलं की लोक मिरवत आणि चुकीचं छापलं गेलं की तक्रार करत. आपलं नाव वगळायला सांगणारे मोजकेच. आज तीच यादी कुणी छापली तर गहजब होईल. पण नवं ॲप टाकताना समोर ‘अलाउ’ आलं की आपल्या फोनमधले सगळेच्या सगळे नंबर देऊन टाकताना बोट अडखळत नाही. त्यात काकूंचाही नंबर असतो. काकूंनी तो फक्त भाचीला दिलेला असतो, आणि तो पुढे कुणाकुणाकडे गेला, हे भाचीलाही सांगता येत नाही.