मलिक-ए-मैदान : अहमदनगरची तोफ आणि आवर्तसारणीतील तिची जागा

१. विजापूरच्या शेरझा बुरुजावरील ‘मलिक-ए-मैदान’ ही तोफ आदिलशाहीची खूण म्हणून ओळखली जाते. तिचा जन्म मात्र अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा. हिजरी ९५६, अर्थात इ. स. १५४९ मध्ये बुऱ्हाण निजामशाहाच्या कारकिर्दीत महंमद बिन हसन रूमी या कारागिराने ती ओतली. शाह आणि कारागीर या दोघांचीही नावे तोफेवर कोरलेली आहेत. ही तोफ ‘पंचधातूची’ असल्याचे पर्यटकांना सर्रास सांगितले जाते. हे विधान कितपत खरे आहे? त्याचे उत्तर शोधताना इतिहासाबरोबर रसायनशास्त्राचीही पाने उलटावी लागतात.

२. आधी तोफेचे माप पाहू. लांबी सुमारे १४ फूट ४ इंच, बाहेरचा व्यास सुमारे ४ फूट ११ इंच, नळीचा व्यास सुमारे २ फूट ४ इंच. म्हणजे धातूची भिंत सव्वा फुटाहून जाड. वजन सुमारे ५५ टन. तोंड सिंहासारख्या हिंस्र पशूचे असून त्याच्या जबड्यात हत्ती चिरडला जात आहे. एवढा ऐवज एकाच ओतकामात साच्यात उतरवणे हे त्या काळातील अचाट काम होते.

३. एकोणिसाव्या शतकात या धातूचे पृथक्करण झाले. शंभर भागांत सुमारे ८० भाग तांबे आणि सुमारे २० भाग कथील. बाकीच्या तीन धातूंचा हिशेब त्यात कोठेच लागत नाही. पंचधातूची कथा येथेच संपते. ही तोफ शुद्ध कांस्याची आहे. आता खरा प्रश्न उभा राहतो : हीच दोन मूलद्रव्ये का, आणि याच प्रमाणात का?

४. अहमदनगरचा भुईकोट ज्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशात उभा आहे, त्या बेसॉल्टमध्ये ॲल्युमिनियम आणि लोह भरपूर आहे, तांबे नगण्य. तरीही याच जिल्ह्यात, प्रवरेच्या खोऱ्यातील जोर्वे येथे १९५०-५१ च्या उत्खननात तांब्याच्या सपाट कुऱ्हाडी सापडल्या. त्या तीन हजार वर्षांहून जुन्या संस्कृतीच्या आहेत. उलट ॲल्युमिनियम धातुरूपात प्रथम मिळाले ते १८२५ मध्ये, युरोपात. पायाखाली असलेली धातू शेवटी हाती आली आणि दुरून आणावी लागणारी आधी!

५. हे कोडे आवर्तसारणी सोडवते. सारणीच्या डाव्या बाजूच्या धातू, म्हणजे सोडियम, मॅग्नेशियम आणि त्यांच्या शेजारचे ॲल्युमिनियम, आपले बाहेरचे इलेक्ट्रॉन सहज देऊन टाकतात आणि ऑक्सिजनला घट्ट धरून बसतात. कोळशाच्या भट्टीला तो बंध तोडता येत नाही. तांबे अकराव्या गणात, चांदी आणि सोन्याच्या वर बसते. या गणातील धातू इलेक्ट्रॉन सोडण्यास नाखूश असतात. म्हणून तांब्याच्या खनिजातला ऑक्सिजन कोळसा सहज हिरावून घेतो. सोने तर निसर्गात बहुधा सुटेच मिळते. धातू मानवाच्या हाती कोणत्या क्रमाने आल्या, याचे मोठे कारण सारणीतील त्यांच्या जागेत आहे.

६. मग लोखंड का ओतले नाही? चौथ्या आवर्तातील द्रवणांक पाहा : क्रोमियम सुमारे १९०७ अंश सेल्सिअस, लोह १५३८, कोबाल्ट १४९५, निकेल १४५५, तांबे १०८५, जस्त अवघे ४२०. मँगनीजचा अपवाद सोडला तर हा उतरता जिना आहे. आवर्ताच्या मध्यभागी जोडीविना राहिलेले इलेक्ट्रॉन अधिक असतात आणि ते अणूंना परस्परांशी घट्ट बांधतात. तांब्यापर्यंत येता येता आतले उपकवच भरून जाते आणि बंध सैलावतात.

७. या जिन्याचा पुरावा विजापुरातच उभा आहे. उपळी बुरुजावरील सुमारे ३० फूट लांबीची तोफ आणि दक्षिण तटावरील ‘लांडा कसाब’ या दोन्ही लोखंडी आहेत. पण त्या ओतलेल्या नाहीत. लोखंडी पट्ट्या जुळवून त्यांवर तापवलेली कडी चढवून, ठोकून त्या घडवल्या आहेत. १५३८ अंशांची पातळी गाठून शुद्ध लोह पातळ करणे दख्खनच्या भट्ट्यांच्या आवाक्याबाहेर होते. १०८५ अंशांचे तांबे आवाक्यात होते.

८. नुसते तांबे मात्र मऊ, आणि ओतताना त्रासदायक. येथे कथील येते. त्याचा द्रवणांक केवळ २३२ अंश. तांब्यात वीस टक्के कथील मिसळले की मिश्रण सुमारे ९०० अंशांनाच पूर्ण पातळ होते. शिवाय कथील पाचव्या आवर्तातले, म्हणजे तांब्याहून एक कवच अधिक असलेले. त्याचा अणू आकाराने मोठा. हे मोठे अणू तांब्याच्या रांगांमध्ये घुसले की रांगा एकमेकींवरून घसरत नाहीत. धातू कठीण होते ती यामुळेच.

९. परंतु या सोयीला मर्यादा आहे. जस्त हे तांब्याचे लगतचे शेजारी, आकाराने जवळपास तेवढेच. म्हणून तांबे सुमारे एक तृतीयांश जस्त सामावून घेते आणि पितळ लवचीक राहते. कथील सारणीत दूरचे, आकाराने वेगळे. ते सुमारे पंधरा टक्क्यांपलीकडे तांब्यात विरघळून राहत नाही. त्यापुढचे कथील तांब्याशी मिळून अतिशय कठीण, पण ठिसूळ संयुग बनवते. म्हणूनच कांस्याच्या तोफांत कथील साधारण दहा टक्के ठेवण्याची रीत होती.

१०. मलिक-ए-मैदान त्या रीतीच्या दुप्पट प्रमाणाची आहे. वीस टक्के कथील म्हणजे घंटेचा धातू : देवळातील घंटा आणि कांस्याचे टाळ याच घराण्यातले. या तोफेवर आघात केल्यास ती घंटेसारखी निनादते, असे जुन्या वर्णनांत नमूद आहे, आणि पृथक्करणाशी ते तंतोतंत जुळते. पातळ वाहणारा हा धातू सिंहमुखाच्या बारीक नक्षीत सहज उतरला असेल. ठिसूळपणाची भरपाई सव्वा फुटाहून जाड भिंतीने केली असावी. रूमीने आपला विचार लिहून ठेवलेला नाही. त्याची तोफ मात्र तेवढे सांगते.

११. ५५ टनांचे वीस टक्के म्हणजे सुमारे ११ टन कथील. दख्खनमध्ये कथिलाच्या खाणी नाहीत. आशियातील मोठे साठे मलय द्वीपकल्पाकडे. म्हणजे या तोफेचा पाचवा हिस्सा बहुधा समुद्रावरून आला. ‘कल्हई’ हा आपला घरगुती शब्दही कथिलाच्या ‘कलई’ या अरबी नावावरून आला आहे. आंबट पदार्थांत तांबे-पितळ उतरते, म्हणून भांड्याला आतून कथिलाचा थर देत. तोफ आणि स्वयंपाकघर यांना एकाच व्यापाराने जोडले होते.

१२. रूमीच्या ओतकामानंतर ३२० वर्षांनी, १८६९ मध्ये, मेंडेलीव्ह यांनी आवर्तसारणी मांडली. १८७१ मध्ये त्यांनी सिलिकॉन आणि कथील यांच्यामधल्या रिकाम्या घरात एक मूलद्रव्य असलेच पाहिजे, असे भाकीत केले : अणुभार ७२, घनता ५.५. १८८६ मध्ये विंक्लर यांना जर्मेनियम सापडले. आजचे आकडे ७२.६ आणि ५.३. शेजाऱ्यांच्या गुणधर्मांवरून न पाहिलेल्याचे वर्णन करता आले, आणि त्या शेजाऱ्यांत कथील होते. ओताऱ्यांना पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाने जे कळत होते, त्यामागील क्रम आता कागदावर आला.

१३. तोफेचा पुढचा प्रवास सर्वश्रुत आहे. परंपरेनुसार १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत ती होती आणि तिच्यातून तांब्याची नाणी डागली गेली. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती. तेथून १६३२ मध्ये विजापुरास आली. १६८६ मध्ये विजापूर पडल्यावर औरंगजेबानेही तिच्यावर आपला लेख कोरवला.

१४. सर्वांत मोठे संकट मात्र रणांगणावर आले नाही. १८५४ मध्ये इंग्रजी अंमलात ही तोफ भंगार म्हणून लिलावात निघाली. सर्वांत मोठी बोली आली १५० रुपयांची! तेवढ्या किमतीला ती विकणे अधिकाऱ्यांना पटले नाही आणि विक्री रद्द झाली. ती विकली गेली असती, तर जे कथील तिला सहज पातळ करत होते, त्याच्याच कृपेने ती पुन्हा सहज वितळली असती. कांस्याच्या असंख्य तोफांचा शेवट असाच झाला आहे.

१५. ‘पंचधातू’ हा शब्द आदराने उच्चारला जातो, पण तो या तोफेचे कर्तृत्व झाकतो. केवळ दोन मूलद्रव्ये, त्यांचे धाडसी प्रमाण आणि अहमदनगरच्या ओतशाळेतील हातांचे कौशल्य, एवढ्यावर ती पावणेपाचशे वर्षे उभी आहे. ऊन-पावसाने तिला खाल्ले नाही, याचेही श्रेय तांब्याच्या त्याच मंद, अकराव्या गणाच्या स्वभावाला द्यावे लागते.