धुरक्याच्या पोटी जन्मलेला दिवा

डॅशबोर्डवर तक्रार करणारे दिवे पुष्कळ असतात, आणि बहुतेकांचं म्हणणं सरळ असतं. ऑइलचा लाल दिवा लागला की इंजिन बंद करायचं, बॅटरीचा लागला की चार्जिंग तपासायचं, हँडब्रेकचा लागला की दांडा खाली करायचा. इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा मात्र कोड्यात टाकतो. तो लागतो तेव्हा पिकअप ठीक असतो, आवाज ठीक असतो, तापमानाचा काटा जागच्या जागी असतो. फिटर स्कॅनर लावतो, एक आकडा वाचतो, ‘एरर डिलीट केला’ म्हणतो आणि चार दिवसांनी दिवा पुन्हा हजर! मालकाची खात्री पटते की सेन्सर खोटं बोलतोय.

सेन्सर बहुधा खरंच बोलत असतो. पण जे बोलतो ते इंजिनाच्या तब्येतीबद्दल असेलच असं नाही. इंजिनाची काळजी घ्यावी म्हणून कोणी हा दिवा बसवायला लावला नव्हता. तो बसवायला लावला हवेची काळजी करणाऱ्यांनी. त्याचा रंग, त्याचं मोघम बोलणं, पुसला तरी परत येण्याचा त्याचा हट्ट, या सगळ्याचा उलगडा त्याच्या कुळात होतो.

हे कूळ लॉस एंजेलिसचं. १९४३ च्या जुलैमध्ये या शहरावर असं धुरकं उतरलं की लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे धरले. महायुद्धाचे दिवस होते. जपान्यांनी विषारी वायू सोडला की काय, अशी शंका लोकांना आली. मग संशयाची सुई ॲलिसो स्ट्रीटवरच्या कृत्रिम रबरासाठी ब्यूटाडाइन बनवणाऱ्या कारखान्याकडे वळली. तो काही काळ बंद ठेवला गेला, पण धुरकं हटलं नाही.

गुन्हेगार सापडला तो एका अननसाच्या अभ्यासकाला. आरी हागेन-स्मिट हा मूळचा डच रसायनशास्त्रज्ञ कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये अननसाच्या स्वादात कोणकोणती द्रव्यं असतात ते शोधत होता. तीच हातोटी त्याने शहराच्या हवेवर वापरली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने दाखवून दिलं की गाड्यांमधून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून सुटणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो, आणि डोळ्यांना झोंबणारं धुरकं त्यातूनच बनतं. मोटार उद्योगाने हे सहजासहजी मान्य केलं नाही. पुढे १९६७ च्या कायद्याने कॅलिफोर्नियात हवेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झालं, त्याचा पहिला अध्यक्ष हाच हागेन-स्मिट. आपल्या दिव्याचं पितृत्व याच मंडळाकडे जातं.

१९७० च्या अमेरिकी क्लीन एअर ॲक्टने नव्या गाड्यांचं प्रदूषण काही वर्षांत ९० टक्क्यांनी खाली आणायचा हुकूम सोडला. नुसत्या कार्ब्युरेटरच्या जुळवाजुळवीने हे होणार नव्हतं. म्हणून १९७५ च्या मॉडेलांपासून अमेरिकी गाड्यांच्या पोटाखाली कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. आपल्या गॅरेजांतला ‘कॅट’. सिरॅमिकच्या जाळीवर प्लॅटिनमसारख्या धातूंचा अतिपातळ थर, आणि त्यावरून जाताना विषारी वायूंचं रूपांतर. शिसं या थराला निकामी करतं, म्हणून कॅटसोबत बिनशिशाचं पेट्रोलही आलं.

पुढच्या पिढीचा कॅट कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं अशा तिघांचा एकदम निकाल लावणारा होता. पण त्याची अट कडक होती. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, हे प्रमाण सतत राखलं तरच तो तिन्ही कामं करतो. ते राखायचं तर धुरात किती ऑक्सिजन उरला ते क्षणोक्षणी कळायला हवं. त्यासाठी बॉशने ऑक्सिजन सेन्सर बनवला आणि १९७६ मध्ये तो कॅलिफोर्नियासाठीच्या व्होल्व्हो गाड्यांत बसला. या व्होल्व्होंच्या डॅशबोर्डवर ‘लॅम्डा सोंड’ असं लिहिलेला एक दिवा होता. त्याला बिघाडाचं काही कळत नसे. ठरावीक मैल झाले की तो लागे, सेन्सर तपासायची आठवण करून देई, आणि मोजणीच्या डबीवरचं बटण दाबलं की विझे. आपल्या पिवळ्या दिव्याचा हा थोरला भाऊ म्हणायचा: आकडे मोजणारा, पण निदान न करणारा.

निदान करायला संगणक लागतो, आणि तो सेन्सरच्या पाठोपाठ आलाच. १९८१ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सच्या अमेरिकेतल्या पेट्रोल गाड्यांवर इंजिनाचा कारभार एका संगणकाकडे गेला. सेन्सरकडून येणारं मोजमाप अशक्य कोटीतलं वाटलं की हा संगणक त्याची नोंद करी आणि ‘चेक इंजिन’ अशी अक्षरं उजळत. नोंद वाचायला वेगळं यंत्र लागलंच पाहिजे असं नव्हतं. स्टिअरिंगजवळच्या जोडणीतले ‘ए’ आणि ‘बी’ हे दोन टर्मिनल कागदाच्या क्लिपने जोडायचे, इंजिन सुरू न करता चावी फिरवायची, की दिवा स्वतःच बोलू लागे. एकदा लुकलुक, थोडं थांबणं, मग दोनदा लुकलुक: १२. हा सुरुवातीचा आकडा, ‘यंत्रणा जागी आहे’ एवढंच सांगणारा. मग बिघाडांची पाळी. १३ म्हणजे ऑक्सिजन सेन्सरचं सर्किट, ४४ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, ४५ म्हणजे पेट्रोल जास्त. प्रत्येक आकडा तीन-तीनदा. पुसायची रीतही तितकीच सोपी होती: संगणकाचा फ्यूज काढायचा, थोडा वेळ थांबायचं, परत लावायचा.

पण त्या काळात प्रत्येक कंपनीची बोली निराळी होती. क्रायस्लरमध्ये चावी ठरावीक वेळा चालू-बंद करावी लागे, फोर्डमध्ये मीटरचा काटा किती वेळा झटका देतो ते मोजता येई. गॅरेजवाल्याला दर कंपनीची तऱ्हा पाठ करावी लागे. शिवाय दिवा ठेवायचा की नाही, कशासाठी लावायचा, हे कंपनीच्या मर्जीवर.

हवेच्या मंडळाची अडचण आणखी खोल होती. नवी गाडी तपासणीत उत्तीर्ण होते, पण रस्त्यावर पाच वर्षं धावल्यावर तिचा सेन्सर मरतो, कॅट थकतो, आणि गाडी काही केल्या कुरकुरत नाही. ब्रेक खराब झाले तर मालक धावत गॅरेजला जातो. त्याच्या जिवाचा प्रश्न असतो. कॅट मेला तर त्रास मागच्या माणसाला होतो, पुढच्या पिढीला होतो, मालकाला काहीच कळत नाही. जो बिघाड मालकाला जाणवत नाही तो त्याच्या डोळ्यांसमोर आणायचा, हा या दिव्याचा खरा हेतू. मंडळाने १९८५ मध्ये नियम मंजूर केला आणि १९८८ च्या मॉडेलांपासून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या गाड्यांना बिघाडाचा दिवा सक्तीचा झाला.

तो पहिला नियम ढोबळ होता. तारा तुटल्या, सेन्सर बंद पडला, एवढंच तो पकडे. दुसरा अवतार १९९४ पासून टप्प्याटप्प्याने आला आणि १९९६ च्या मॉडेलांपासून साऱ्या अमेरिकेत लागू झाला. यात दिवा कधी लावायचा याचं माप हवेत होतं: बिघाडामुळे प्रदूषण ठरवून दिलेल्या मर्यादेच्या साधारण दीडपट होण्याच्या बेताला आलं, की दिवा लागलाच पाहिजे. रंग पिवळसर नारिंगी. लाल चालणार नाही, कारण लाल म्हणजे ‘आत्ता थांब’. सगळ्या कंपन्यांना एकच १६ टाचण्यांचा सॉकेट, एकच भाषा, एकच आकडे. पी ०४२० म्हणजे कॅटची कुवत घटली, पी ०१७१ म्हणजे हवा जास्त, पी ०३०० म्हणजे वेगवेगळ्या सिलिंडरांत मिसफायर. आज कोपऱ्यावरच्या गॅरेजातलं स्वस्त स्कॅनर कुठल्याही कंपनीच्या गाडीला चालतं, त्याचं श्रेय या सक्तीला.

तपासायच्या युक्त्या बघण्यासारख्या आहेत. कॅटच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर बसवले. पुढच्याचं मोजमाप सतत वरखाली होतं. कॅट धडधाकट असेल तर तो ऑक्सिजन धरून ठेवतो आणि मागचा सेन्सर जवळजवळ स्थिर राहतो. मागचा पुढच्याची नक्कल करू लागला, की समजायचं कॅट नावापुरता उरलाय. मिसफायर ओळखायला क्रँकशाफ्टच्या फिरण्याचा वेग मोजतात. एक स्फोट चुकला की तो किंचित मंदावतो. न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन तिथे पेटतं आणि आतली जाळी वितळवू शकतं, म्हणून गंभीर मिसफायरला हा दिवा लुकलुकतो. स्थिर दिव्याला चार दिवस थांबता येतं, लुकलुकत्याला नाही. तेव्हा पाय ॲक्सिलरेटरवरून हलका करायचा आणि गाडी लवकरात लवकर थांबवायची.

अमेरिकेत तर टाकीतून उडून जाणारी पेट्रोलची वाफही पकडायची होती. १९९६ च्या नियमात सुमारे १ मिलिमीटरच्या भोकाएवढी गळती ओळखण्याची अट होती, पुढे ती अर्ध्या मिलिमीटरवर आली. म्हणून तिथे पेट्रोलच्या टाकीचं झाकण नीट न फिरवल्यानेही दिवा लागतो. हीच अट टोयोटाला भोवली. १९९६ ते १९९८ मधल्या सुमारे २२ लाख गाड्यांत गळतीची तपासणी नीट होत नाही, म्हणजे दिवा लागायला हवा तेव्हा लागत नाही, असा दावा अमेरिकी सरकारने १९९९ मध्ये केला. २००३ मध्ये तो तडजोडीने मिटला. न लागलेल्या दिव्यापायी कंपनीवर खटला होतो, यावरून त्याचं कायद्यातलं वजन कळतं.

दिवा घालवण्याचा इतिहास इथूनच रंगत जातो. दिवा सरकारचा साक्षीदार, तर मालकाला तो गप्प हवा. कॅलिफोर्नियात ठरावीक मुदतीने गाडीची धुराची तपासणी करावी लागते आणि दिवा लागलेला असेल तर गाडी नापास. लोक तपासणीच्या सकाळी बॅटरीचा टर्मिनल काढून ठेवू लागले. याची कल्पना नियम करणाऱ्यांना होतीच. बॅटरी काढली किंवा स्कॅनरने कोड पुसले, की संगणकाने तोवर पूर्ण केलेल्या सगळ्या चाचण्यांची नोंदही पुसली जाते. तपासनिसाला दिवा बंद दिसतो, पण सोबत ‘चाचण्या अपुऱ्या’ हेही दिसतं, आणि तो गाडी परत पाठवतो. तरीही पळवाटा निघाल्या, म्हणून २०१० च्या मॉडेलांपासून कायम कोड आले. हे स्कॅनरने जात नाहीत, बॅटरी काढून जात नाहीत. दोष गेल्याची खात्री संगणकाला स्वतःला पटली तरच जातात. २०१९ पासून कॅलिफोर्नियाच्या तपासणीत तेही बघितले जाऊ लागले.

आपल्याकडे ही वंशवेल युरोपमार्गे आली. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट सक्तीचा झाला आणि त्यासाठी बिनशिशाचं पेट्रोल आलं. २००० मध्ये ते देशभर झालं. गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने २००२ मध्ये वाहन-इंधन धोरणाचा अहवाल दिला आणि युरोपच्या धर्तीवरच्या मानकांचा टप्प्याटप्प्याचा रस्ता आखला. त्या रस्त्यावर चारचाकींना स्वयंनिदानाचा, म्हणजे या दिव्यामागच्या यंत्रणेचा, पहिला टप्पा एप्रिल २०१० मध्ये आणि दुसरा एप्रिल २०१३ मध्ये लागू झाला. युरोपच्या नियमांत टाकीच्या वाफेची गळती शोधायची सक्ती नव्हती. म्हणून दिवा लागला की आधी पेट्रोलचं झाकण घट्ट करा, हा अमेरिकी व्हिडिओंतला लाडका सल्ला आपल्या गाड्यांना फारसा लागू पडत नाही.

बीएस-६ मानकांसोबत एप्रिल २०२० मध्ये दिवा दुचाकींवरही सक्तीचा झाला आणि तिथे जुनी खूण सापडते. होंडाच्या इंजेक्शनवाल्या दुचाकींत तो अजून लुकलुकून आकडे सांगतो: लांब लुकलुक म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक. जनरल मोटर्सच्या कागदी क्लिपचीच ही पुढची पिढी.

कूळ ठाऊक झालं की दिव्याशी वागायचं कसं, तेही कळतं. स्कॅनर लावल्यावर आधी कोड लिहून घ्यायचा आणि त्या क्षणी वेग, तापमान, इंजिनावरचा भार किती होता त्याची संगणकाने टिपलेली नोंदही. डिलीट केलं की ती नोंदही जाते, आणि फिटरच्या हातचा पुरावा नाहीसा होतो. आकडा कुठला सुटा भाग बदलायचा ते सांगत नाही. कुठली चाचणी फसली एवढंच सांगतो. पी ०४२० दिसला म्हणून महागडा कॅट बदलण्याआधी सायलेन्सरच्या जोडातली गळती आणि मिसफायर बघायचे, कारण तेही हाच आकडा आणू शकतात. आणि दुरुस्ती खरी झाली असेल तर पुसायची गरजही नसते. बहुतेक दोषांना दिवा लागायलाच गाडी सुरू करून चालवण्याच्या लागोपाठ दोन फेऱ्यांचा पुरावा लागतो. विझायला त्या चाचणीत निर्दोष ठरलेल्या लागोपाठ तीन फेऱ्या पुरतात. इंजिन ४० वेळा तापून थंड झालं की नोंदही मिटते.

कॅलिफोर्नियात या दिव्यामागे तपासनीस उभा असतो. आपल्या पीयूसीचा भर अजून सायलेन्सरमध्ये नळी घालून केलेल्या मोजणीवर आहे. पेट्रोल गाडीचं ते मोजमाप उभ्या गाडीचं असतं, आणि त्यात नायट्रोजनची ऑक्साइडं मोजलीच जात नाहीत. म्हणजे ज्या वायूंनी लॉस एंजेलिसचे डोळे चुरचुरले, त्यांतल्या एकाची आपल्याकडची खबर मुख्यतः हाच दिवा देतो, आणि ती ऐकायची की पुसायची हे सध्या तरी चावी ज्याच्या हातात तोच ठरवतो.