बालकर्करोगमुक्त प्रौढांची आरोग्यसेवा

बालपणी कर्करोगातून बऱ्या झालेल्या व्यक्तींची प्रौढपणीही चालू ठेवावी लागणारी वैद्यकीय देखरेख. १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन या औषधाने बालकांच्या रक्तकर्करोगात तात्पुरता उतार मिळविला, तेव्हा मूल जगणे हाच प्रश्न होता. पुढे रोगमुक्तांची संख्या वाढली, तसे उपचारांचे उत्तरपरिणाम दिसू लागले. अँथ्रासायक्लीन औषधांमुळे हृदयाचे स्नायू दुबळे होऊ शकतात. प्रारणामुळे अवटू ग्रंथीचे कार्य मंदावते किंवा दुसरा कर्करोग उद्‌भवतो. काही औषधांनी वंध्यत्व येते. हे विकार पुष्कळदा अनेक वर्षांनी प्रकट होतात. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात (स्थापना १९४१) पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये उपचारोत्तर चिकित्सालय सुरू झाले. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आश्रयाने २००९ मध्ये ‘उगम’ हा रोगमुक्तांचा गट स्थापन झाला. ठाणे, डोंबिवली व कल्याण ही शहरे परळशी मध्य रेल्वेने जोडलेली असल्याने तेथील रोगमुक्तांना चिकित्सालय गाठता येते. तथापि लहानपणी कोणती औषधे किती मात्रेत दिली गेली, हे रुग्णाला आठवत नाही आणि आईवडिलांनी जपलेले कागद घर बदलताना गहाळ होतात. म्हणून उपचारांचा लेखी गोषवारा प्रौढ झालेल्या व्यक्तीच्या स्वतःच्या हाती असणे आवश्यक ठरते. त्यावरूनच नव्या डॉक्टरांना हृदयाची किंवा अवटू ग्रंथीची तपासणी केव्हा करावी, हे ठरविता येते.