खाडीच्या पाण्यातला पिवळा रंग

पावसाळ्यात पणजीला मांडवीच्या काठी उभं राहून कुणालाही विचारा, पाणी असं का दिसतं? उत्तर येईल, गाळामुळे. बरोबरच आहे ते. पण तेच पाणी अगदी बारीक, म्हणजे मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाएवढी छिद्रं असलेल्या गाळणीतून काढलं, की गाळ वर राहतो आणि खालच्या स्वच्छ पाण्यातही पिवळसर झाक उरते. पानं, माती, खारफुटीचा पालापाचोळा यांचा तो कोरा चहाच म्हणा ना! हा विरघळलेला सेंद्रिय पदार्थ अतिनील आणि निळा प्रकाश शोषून घेतो.

आज आपल्याला पाहायचंय ते हे, की या पिवळ्याकडे शास्त्राचं लक्ष किती उशिरा गेलं.

पाणी तपकिरी दिसतं याची नोंद होती. फोरेल यांनी १८९० च्या सुमारास सरोवराचा रंग जुळवून पाहायला रंगीत द्रवाच्या काचनळ्या केल्या, निळ्यापासून हिरव्या-पिवळ्यापर्यंत. उले यांनी लगेच त्यात तपकिरी नळ्यांची भर घातली. पण नोंद म्हणजे कारण नव्हे. मोठी चर्चा चालली ती निळ्याचीच. १९२१ मध्ये रामन 'नार्कुंडा' बोटीने परतत होते. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, हे लॉर्ड रॅली यांचं मत. रामननी निकोल प्रिझममधून बघून ते प्रतिबिंब वगळलं, तरी निळा रंग राहिलाच! पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, हे त्यांनी मुंबई बंदरातूनच 'नेचर'ला कळवलं. गंमत बघा, पत्र लिहिलं गेलं ते बंदरात, पण त्यातलं पाणी होतं भर समुद्रातलं.

काठच्या पाण्याचा प्रश्न सोडवला जर्मन रसायनज्ञ कुर्ट काले यांनी, १९३८ मध्ये. त्यांच्यासमोर बाल्टिक होता. कितीतरी नद्या पोटात घेणारा, कमी खारा, म्हणजे एका अर्थी एक प्रचंड खाडीच. तिथे निळा प्रकाश हा पदार्थ खातो, लाल प्रकाश पाणी खातं, मधला हिरवा तेवढा परत येतो. काले यांनी नाव दिलं 'गेल्बश्टोफ', पिवळा पदार्थ. आम्हाला हे नाव प्रामाणिक वाटतं. त्यात असंख्य प्रकारचे रेणू असतात. रंग सोडून दुसरं काय सांगणार? यातला काही भाग समुद्रातच तयार होत असावा, पाव भाजताना साखर आणि अमिनो आम्लं मिळून तपकिरी होतात तसा, असंही त्यांनी पुढे सुचवलं.

खाडीत याचा एक सुंदर उपयोग होतो. नदीचं पाणी पिवळं, समुद्राचं जवळजवळ रंगहीन. दोन्ही नुसती मिसळत असतील तर क्षार वाढतात तसतसा पिवळा सरळ रेषेत कमी होतो. आकडा रेषेच्या वर गेला, तर वाटेत कुठून तरी भर पडतेय, खारफुटीतून कदाचित. खाली गेला, तर उन्हाने रंग विटतोय किंवा तो गाळाला चिकटतोय.

आणि मग १९७८ मध्ये निम्बस-७ वरून समुद्राचा रंग मोजायला सुरुवात झाली. इथे पिवळ्याने खरा घोळ घातला. हरितद्रव्य निळा प्रकाश खातं, पिवळाही खातो. उपग्रहाला ४४३ नॅनोमीटरचा निळा कमी दिसला, की तो म्हणणार, इथे वनस्पती-प्लवक भरपूर! नदीच्या मुखाशी ते तितकं नसेलही. ही शाब्दिक चूक नव्हे, मंडळी. आपल्याकडे मच्छीमारांना मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे ते कळवतात, त्यात हरितद्रव्याचे नकाशे वापरले जातात.

उपाय निघाला तो दोघांच्या फरकातून. ४४० च्या खाली हरितद्रव्याचं शोषण उतरतं, पिवळ्याचं चढतच जातं. म्हणून १९९७ च्या सीविफ्सवर ४१२ नॅनोमीटरचा पट्टा आला आणि १९९९ च्या आपल्या ओशनसॅट-१ वरही. खुल्या समुद्रात त्याने बरंच काम भागतं. खाडीत गाळही मध्ये येतो, त्यामुळे उपग्रह वरून जात असताना खाली होडीत बसून बाटलीत पाणी भरणं आणि ते गाळणं अजून सुटलेलं नाही.